फ्रीडम बेटावरची अकरा मतं

विहिरीच्या आधी घंटेचा मनोरा बांधावा, हा ठराव फ्रीडम बेटावर तेवीस विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला. त्या तेवीस मतांतली अकरा मतं आमची होती.

सभा उठल्यावर शाणू गावडा माझ्या कानाशी आला.

"मनोरो ठरलो. पन घंटा खय आसा?"

"घंटा दुसऱ्या जहाजात आसा."

"दुसरा जहाज खय आसा?"

"तां कोणाक म्हायत नाय."

"मगे आपण 'व्हय' कित्याक म्हटलांव?"

"सवय," मी म्हणालो.

आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे जिवबा राऊळ बाजूलाच बसून दातात काडी घालत होते. ते म्हणाले, "गप रव रे शाण्या. बांबूचो मनोरो. सावलीत बसान बांधूचो आसा."

ही गोष्ट सन अठराशे सदतीसची. इंग्रज सरकारने आपल्या मुलखातली गुलामी कायद्याने बंद केली, त्याला चार वर्षं झाली होती. पण मॉरिशसच्या उत्तरेला, जहाजाने सहा दिवसांवर, समुद्रात एक रिकामं बेट होतं आणि कॅप्टन पेनीफादर यांच्या मते कायद्याने जे अर्धवट राहिलं होतं ते त्या बेटावर पुरं होणार होतं. बेटाचं नाव त्यांनी लंडनमध्येच ठेवलं. मग ते बेट शोधायला निघाले.

कॅप्टनसाहेब उंच, बारीक आणि फार चांगले होते. माणूस इतका चांगला असला की जवळ उभं राहायला थोडी भीती वाटते, तसे. जहाजावर एकदा त्यांनी मला सगळा बेत समजावला.

"धाकू, लोक गुलाम का ठेवतात? कारण त्यांना वाटतं, गुलामाशिवाय कापूस पिकत नाही. आपण मोकळ्या माणसांच्या हातून कापूस पिकवून दाखवू. मग गुलाम ठेवायला कारणच उरणार नाही."

"आणि कापूस नाही पिकला तर, साहेब?"

"तो प्रश्न एका समितीकडे दिला आहे," ते म्हणाले.

साहेबांबरोबर आलेल्या पन्नास लोकांत दोन बासरीवाले होते, एक घड्याळं दुरुस्त करणारा होता, एक केसांचे टोप करणारा होता आणि एक पाद्री होता. कुदळ धरलेला एकही नव्हता. म्हणून त्यांनी वाट वाकडी करून वेंगुर्ल्याला जहाज लावून आम्हा अकरा जणांना घेतलं. आम्ही पाच वर्षांच्या कागदावर अंगठे केले. कागद मिस्टर क्रंब या चिटणीसाने आखला होता. नाव, बापाचं नाव, वय, उंची, ओळखीची खूण. माझं नाव धाकू, बापाचं नाव रामा, वय अठरा अंदाजे. खुणेच्या रकान्यापाशी मिस्टर क्रंबने मला पुढून, मागून, बाजूने पाहिलं. काही सापडेना, तेव्हा त्याने लिहिलं, 'विनाकारण हसतो.'

मी वेंगुर्ल्याला का होतो, तेही सांगायला हवं. आम्ही घाडी. गावच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे आमच्या घरचं काम. एकाने देवासमोर उभं राहायचं, हात वर करायचा, एक मागणं मागून थांबायचं, आणि मागे उभ्या गावाने एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं मागणं. एकदा जत्रेला बापाचा घसा बसला आणि मी उभा राहिलो. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, रोगराई झाली. गावाचा आवाज चढत चालला होता. मला राहवलं नाही. मी त्याच सुरात म्हणालो, "आनी म्हाराजा, आमच्या देसायांचा नाक आसा तेवढाच ऱ्हवांदे, आनी वाढवू नको, वाटेर माणसांका जावक जागा नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव गरजलं. सगळ्यांत मोठा आवाज खुद्द देसायांचा होता.

दुसऱ्या दिवशी बाप म्हणाला, "झिला, थोडे दीस खय तरी जा."

"खय?"

"समुद्र मोठो आसा."

म्हणून मी वेंगुर्ल्याला एका गोऱ्याच्या बंगल्यावर राहिलो, थोडं इंग्रजी शिकलो आणि पुढे या जहाजावर दुभाषी झालो.

बेटावर पहिल्याच रविवारी सभा भरली. कॅप्टनसाहेब उभे राहिले, डोळे मिटले, उजवा हात वर केला, एक वाक्य बोलले आणि थांबले. आमच्या मुलखात कोणी असं उभं राहून थांबला तर त्याला एकच उत्तर असतं. जिवबांच्या तोंडून ते आपसूक निघालं, आणि त्यांच्या मागून बाकीच्या दहा जणांच्या तोंडून.

"व्हय म्हाराजा!"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, "'होय' म्हणतात." साहेब म्हणाले, मोकळ्या माणसाच्या तोंडचा इतका निःशंक होकार त्यांनी इंग्लंडातही ऐकला नव्हता. मिस्टर क्रंबने अकरा मतं टिपली.

मतं, कारण बेटाला कलमं होती. कलम एक, या बेटावर कोणी गुलाम नाही. कलम दोन, कोणी कोणाला हुकूम देणार नाही. जे काय ठरेल ते सभेत मतांनी ठरेल. कलम सात, जो पुरुष या बेटाची जमीन खणील त्याला मत. कलम सात लिहिताना साहेबांच्या डोळ्यांसमोर त्यांचे बासरीवाले होते. गोऱ्यांनी पहिल्या दिवशी एकेक कुदळ मारून मत मिळवलं; त्यानंतर खणत आम्हीच होतो.

मला ही व्यवस्था आवडली. ठरावाचा अर्थ मी आमच्या माणसांना सभेनंतर सांगायचो, आधी नाही. त्यात फार मजा होती. त्यामुळे रविवारी सर्वांनी टोप्या घालाव्या, हा ठराव मंजूर झाला. बेटावरच्या पक्ष्यांना रीतसर सूचना दिल्याशिवाय त्यांची अंडी घेऊ नयेत, हा ठराव मंजूर झाला. आणि मग मनोरा.

कापूस आला नाही. खेकड्यांनी पहिल्या आठवड्यात बी खाल्लं, दुसऱ्या आठवड्यात राहिलेली रोपं आणि तिसऱ्या आठवड्यात मिस्टर क्रंबचा डावा बूट. आम्ही खेकडे खाल्ले. गोऱ्यांनी ते खायला नकार दिला आणि जहाजातून आणलेली बिस्किटं खात राहिले. मग ताप आला. पावसाळा संपेस्तोवर पन्नासांतले बारा उरले, कॅप्टनसाहेब धरून. आम्ही अकराच्या अकरा होतो, पण चार महिने तोंडात भाताचं शीत नव्हतं. मासळी आहे आणि भात नाही, ही शिक्षा कोकणातल्या माणसाला कोणी देत नाही. आम्ही ती स्वतः अंगठा करून घेतली होती.

त्या दिवसांत रलाही आला.

एका सकाळी एक पोखरलेला ओंडका वाळूला लागला आणि त्यातून एक माणूस उतरला. उजव्या खांद्यावर डागलेलं एक अक्षर होतं. दक्षिणेला फ्रेंचांचं एक बेट होतं, तिथे गुलामी अजून कायदेशीर होती. तिथल्या उसाच्या मळ्यातून तो पळाला होता. मूळचा मादागास्करचा. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "रलाही." ते सोडून त्याची एकही गोष्ट आम्हाला कळली नाही आणि आमची त्याला कळली नाही. पण तो आमच्या झोपड्यांत राहिला. जिवबांनी त्याला पहिल्याच दिवशी खेकडा भाजून दिला. त्याने तो ज्या सफाईने फोडला ते बघून जिवबा म्हणाले, "ह्यो आपलोच."

तिसऱ्या दिवशी तो केवड्याच्या बनामागे गेला, जमिनीवर पालथा पडला, कान लावला आणि कुदळ मागितली. आम्ही त्याच्याबरोबर चार दिवस खणलं. गोडं पाणी लागलं.

मिस्टर क्रंब धावत आला. मनोऱ्याआधी विहीर बेकायदा होती, आणि मनोऱ्याला अजून टोक यायचं होतं. सभा भरली. दीड तास चर्चा झाली. शेवटी ठराव झाला की केवड्यामागे जे आहे ती विहीर नसून एक खड्डा आहे, आणि त्यात पाणी आलं आहे. "व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. मग सगळे खड्ड्याचं पाणी प्यायले.

रलाही तीन महिने आमच्यात होता. मग दक्षिणेकडून एक शिडाचं जहाज आलं.

त्यातून मळ्याचा मालक उतरला, मस्यू बेर्तों. गोरा, गोल, फार अदबीचा. त्याने कॅप्टनसाहेबांना वाकून नमस्कार केला, मेलेल्यांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मग बोलणं काढलं. त्याच्याकडे वीस पोती तांदूळ होता, खारवलेलं मांस होतं, आणि बेटावरच्या सगळ्यांना मॉरिशसला पोचवण्याइतकी जहाजात जागा होती. तिथून कोणीही घरी जाऊ शकला असता. बदल्यात त्याला फक्त त्याचा माणूस हवा होता.

कॅप्टनसाहेब मला बाजूला घेऊन गेले.

"धाकू, गुलामी संपवायला आलो होतो मी."

"मग साहेब, त्याला 'नाही' सांगा."

"मी 'नाही' म्हणालो तर तो हुकूम होईल. कलम दोन." ते खाली बघत म्हणाले, "ते मीच लिहिलं आहे. दुपारी सभा घ्यावी लागेल."

साहेब अध्यक्ष, त्यांना मत नव्हतं. उरले अकरा गोरे. ते तापाने पिवळे पडले होते आणि त्यांची नजर त्या शिडावरून हलत नव्हती. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ते आणि आम्ही, अकरा आणि अकरा.

मिस्टर क्रंब माझ्याकडे आला. बेटावर आल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

"मिस्टर घाडी, माणूस परत द्यावा, असा ठराव मी मांडतो आहे. तुमची माणसं नेहमीसारखी 'होय' म्हणतील ना?"

इतके महिने जी गंमत मी करत होतो, ती आता एका माणसाच्या मानेवर येऊन बसली होती.

मी पळत झोपडीकडे गेलो. रलाही दाराशी बसून भाल्याला धार लावत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. जहाज त्याने आमच्या आधी ओळखलं होतं. जिवबा आत होते.

"जिवबा, आज कोणी तोंड उघडू नकात."

"कित्याक?"

मी सगळं सांगितलं. जिवबा ऐकत राहिले.

"तांदूळ किती पोती म्हणालंस?"

"वीस."

"उकडो काय सुरय?"

"जिवबा, माणूस नेतहत तेका!"

"आयकलंय मी. उकडो काय सुरय, इचारून ये."

मी गेलो. कोकणातली माणसं उकडा तांदूळ खातात, सुरय म्हणजे न उकडलेला, तो सणावाराला. मस्यू बेर्तोंला हा फरक समजावून सांगायला बराच वेळ गेला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. शेवटी त्याने एक पोतं फोडून दाखवलं. मी परत आलो.

"सुरय."

"हूं," जिवबा म्हणाले. बाकीचे नऊ जण जिवबांकडे बघत होते. मला कळलं, 'गप्प बसा' सांगून यांचं भागणार नाही. भात होता, घरची वाट होती. आणि मी यांना विचारलं, तर हे खरं उत्तर देतील. मला खरं उत्तर नको होतं.

चारच्या सुमारास सभा भरली. मस्यू बेर्तोंने टेबलावर एक कागद पसरला आणि मिस्टर क्रंबने तो इंग्रजीत वाचला. नाव, जानव्हिए. वय, तीस अंदाजे. उंची, पाच फूट सहा इंच. खूण, उजव्या खांद्यावर डाग. जानेवारीत विकत घेतला म्हणून जानव्हिए. शाणू मला म्हणाला, "मगे हेचो धाकटो भाव फेब्रुवारी?" पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही.

तेवढ्यात जिवबा उठले. सभेत ते कधी उठत नसत. ते टेबलापाशी गेले, गळ्यातली बांबूची नळी काढली, तिच्यातून स्वतःचा अंगठ्याचा कागद काढला आणि मस्यू बेर्तोंच्या कागदाशेजारी ठेवला. वाकून दोन्ही कागद बघितले. बोट लावून बघितले. जिवबांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. मस्यू बेर्तोंने त्यांना माशी हाकलावी तसं हाकललं. जिवबांनी आपला कागद गुंडाळला, परत आले आणि रलाहीच्या शेजारी बसून त्याला खुणा करून काहीतरी विचारायला लागले. स्वतःच्या छातीवर हात, मग मागे, मग वर. मला वाटलं, म्हातारा आता त्याचा निरोप घेतोय.

"मिस्टर क्रंब, ठराव मांडा," साहेब म्हणाले.

"साहेब," मी उठलो. "माझाही एक ठराव आहे. तो आधी घ्या."

"कोणत्या कलमाखाली?" मिस्टर क्रंब.

"तुमच्या आधी उठलो, या कलमाखाली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोला, मिस्टर घाडी."

"हा माणूस या बेटाचा आहे आणि याला कोणी इथून नेऊ नये. हा ठराव. आमच्या माणसांना मी तो आमच्या रीतीने सांगतो."

आणि मी आमच्या माणसांकडे तोंड करून उभा राहिलो, डोळे मिटले आणि उजवा हात वर केला.

बापाचा आवाज माझ्या गळ्यात कुठे होता कोण जाणे. तो आला.

"बा देवा म्हाराजा! सात समुद्रापलीकडसून अकरा लेकरा तुजी आठवण काढतत रे म्हाराजा!"

आधी जिवबा, मग बाकीचे. "व्हय म्हाराजा!"

"घरची माणसा, गुराढोरा, पोराबाळा, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आवाज मोठा झाला. शाणूचे डोळे भरले होते.

"आमच्या वाटेक इलेलो ताप, खोकलो, इंगळी, किरडू, लांब लांब ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता तो वेग आला होता ज्यात देसायांनी स्वतःच्या नाकावर शिक्का मारला होता. मी श्वास घेतला आणि थांबलो नाही.

"आनी म्हाराजा! ह्यो जो आमच्यात इलो, आमच्या ताटात जेवलो, जेणा पाणी काढला, तो आमचो. तेका कोणी हयसून नेवचो नाय! तेचा नाव रलाही..."

आणि मी अडलो.

गाऱ्हाण्यात नुसतं नाव चालत नाही. अमक्याचा झील, म्हणजे मुलगा, तमका, असं सांगावं लागतं. नाहीतर देवाला कसं कळणार कोणासाठी मागतोय. माझ्या घरात सात पिढ्या हेच म्हणत आल्या आणि तीन महिने एका झोपडीत राहून मी त्या माणसाला बापाचं नाव विचारलं नव्हतं. वेग तुटला. माणसं डोळे उघडायला लागली. मिस्टर क्रंबने लेखणी खाली ठेवली.

"रब्याचो झील," जिवबा खाली बसूनच म्हणाले.

"रलाही, रब्याचो झील!" मी ओरडलो. "तेका सांभाळ रे म्हाराजा!"

क्षणभर फक्त लाटा. तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्यात मी हसत नव्हतो.

"व्हय म्हाराजा," जिवबा म्हणाले. मोठ्याने नाही. मग बाकीच्यांनी, मनोरा हलेल एवढ्या मोठ्याने.

आणि त्यांच्या मागून, थोडं उशिरा, कोपऱ्यातून एकच आवाज आला. "व्हय म्हाराजा." रलाही उभा राहिला होता.

मिस्टर क्रंबने विरोधातले हात मोजले. अकरा. बाजूने अकरा. "आणि एक," साहेब म्हणाले.

मस्यू बेर्तों ताडकन उठला. "हा माझा माल आहे! माल मत देतो?"

साहेबांनी कलमांची वही उघडली. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा स्थिर ऐकला. "कलम सात. जो पुरुष या बेटाची जमीन खणील. मिस्टर क्रंब, या माणसाने खणलं आहे का?"

"दप्तराप्रमाणे ती विहीर नाही, महाशय. तो एक खड्डा आहे."

"खड्डा कशात आहे, मिस्टर क्रंब?"

मिस्टर क्रंब बेटावरचा सगळ्यांत प्रामाणिक माणूस होता. हेच त्याचं दुखणं होतं. त्याने दप्तर मिटलं.

"जमिनीत," तो म्हणाला.

बारा विरुद्ध अकरा. मस्यू बेर्तों म्हणाला, "तुम्ही सगळे वेडे आहात." कॅप्टनसाहेब म्हणाले, "त्यावर अजून मतदान झालेलं नाही." संध्याकाळच्या भरतीवर वीस पोती सुरय तांदूळ दक्षिणेकडे गेला.

त्यानंतर दीड महिना कोणतंही जहाज आलं नाही. त्या दीड महिन्यात आणखी दोघे गेले, त्यातला एक बासरीवाला. तो भाग मला हसून सांगता येत नाही, म्हणून एवढंच.

मग जे जहाज आलं, ते दुसरं जहाज होतं. वर्षभर चुकत चुकत, घंटा घेऊन. साहेबांनी ती मनोऱ्यावर चढवायला सांगितली. म्हणजे तसा ठराव मांडला. घंटा चढली, एकदाच वाजली, आणि मनोरा पडला. आम्ही सामान उचललं. वसाहतीला एकूण अकरा महिने झाले होते. साहेबांनी पुढे अहवाल लिहिला की प्रयोग फसला. कारणांत खेकडे पहिले आणि सभा दुसऱ्या क्रमांकावर होत्या.

मॉरिशसच्या बंदरावर एका कारकुनाने सगळ्यांना रांगेत उभं करून नावं टिपली. रलाहीची पाळी आली. कारकुनाने विचारलं, "नाव? बापाचं नाव?" रलाहीने छाती पुढे काढून आमच्या भाषेत सांगितलं, "रलाही, रब्याचो झील." कारकुनाने डोकं वर न करता सगळं एकाच दमात लिहून घेतलं. तेव्हापासून सरकारी कागदावर त्याचं आडनाव रब्याचोझील आहे. आता त्याच्या तीन पोरांचंही आहे. त्या वेळी मी पोट धरून हसलो होतो.

गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, फ्रेंचांनीही गुलामी बंद केली. दक्षिणेकडच्या त्या बेटावरची माणसं सुटल्याची बातमी आली, तेव्हा मी जिवबांकडे गेलो. कागदाची पाच वर्षं भरली तरी ते कोकणात परत गेले नव्हते, मॉरिशसलाच राहिले होते. रलाहीच्या शेजारी त्यांचा भाताचा कुणगा, म्हणजे खाचर, होता. ते बांधावर बसले होते, दातात काडी. मला अकरा वर्षं एक गोष्ट टोचत होती.

"जिवबा, त्या दिवशी मी तुमका फसवलंय. गाऱ्हाण्यात घालून. तुमी तांदळासाठी 'नाय' म्हटला असता म्हणान."

जिवबांनी काडी काढली. माझ्याकडे बघितलं आणि खांदे गदागदा हलेपर्यंत हसले.

"मेल्या, तू आमका फसवतलंस? तो मनोरो आमी कित्याक पास केलो असा वाटता तुका?"

"कित्याक?"

"विहीर म्हटली तर खडक फोडूक लागतलो. मनोरो सावलीत. सायबाच्या तोंडाकडे बघान सगळा कळत होता. तू हसत होतंस, आमी इसावो घेत होतांव."

मी बांधावर बसलो. मग विचारलं, "मगे त्या दिवशी? तांदूळ कित्याक सोडलात?"

"सुरय होतो," ते गंभीरपणे म्हणाले. "उकडो असतो तर इचार केलो असतो."

"जिवबा."

खाली कुणग्यात रलाही वाकून रोपं लावत होता आणि त्याचा थोरला झील मागे मुठी देत होता. जिवबांनी गळ्यातली ती नळी अजून टाकली नव्हती. त्यांनी तिच्यातून आपला कागद काढला. घडीवर फाटला होता. तो मांडीवर ठेवून त्यांनी त्यावर बोट फिरवलं, एकेक रकाना करत.

"माका वाचूक येणा नाय, झिला. मोजूक येता. त्या दिवशी दोनी कागद जवळ ठेवलंय. तशीच रेघ, तशेच चौकोन. एकाच हातान आखल्यासारे. माका वाटला, आमीव तेच्यातलेच." बोट दुसऱ्या रकान्यावर थांबलं. "मगे मोजलंय. माझे पाच. तेचे चार."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"म्हणान मी तेका बापाशीचा नाव इचारलंय."